चौदाव्या दिवसाचं पाणी

पहाटे पाच. मे महिन्यात तळोद्याला गार वारा मिळतो तो एवढाच, म्हणून शेडचे पडदे पूर्ण उघडले. बॅचचा आज चौदावा दिवस, पक्षी दोन हजार. दाराशी चुन्यात पाय बुडवल्याशिवाय आत कुणी जात नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

सहा. आधी खाली बसून विष्ठा बघायची. चांगली असली तर आकार धरते, वर पांढरी टोपी असते. पाणचट दिसली, तिच्यात न पचलेले दाणे दिसले, की आतडं बिघडलंच समजा. कोपऱ्यात पाण्याचा एक निपल गळत होता, खाली अंथरलेला तूस मुठीत दाबला तर गोळा झाला. निपल बदलला, ओला तूस बाहेर काढला. ही जागा तशीच ठेवून वर प्रोबायोटिकची कितीही महागडी पुडी पाजली तरी उपयोग नाही, हे माझं ठाम मत आहे.

सात. आता प्रोबायोटिकचं, म्हणजे चांगल्या जिवाणूंचं, पाणी. अंगणातल्या कोंबडीची पिल्लं आईमागे उकिरडा चिवडतात, तिच्याकडचे चांगले जिवाणू आपोआप त्यांच्या पोटात जातात. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आईच भेटत नाही. रिकाम्या आतड्यात जो आधी पोचेल तो घर करतो, मग तो साल्मोनेलासारखा रोगजंतू का असेना. 1973 साली फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला ऐवज एका दिवसाच्या पिल्लांना दिला, आणि साल्मोनेलाला तिथं जागा मिळाली नाही. माझ्या पुडीत लॅक्टोबॅसिलस आहेत; ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत.

पण ते जिवंत असतात, हे मी एकदा विसरलो. दोन वर्षांपूर्वी ब्लीचिंग टाकलेल्या टाकीतच पाच दिवस पुडी कालवली. मेलेले जिवाणू पाजले आणि गुण येत नाही म्हणून हळहळत बसलो. आता रात्रीपासून साधं पाणी लाल टाकीत वेगळं ठेवतो, सकाळी निपलची लाइन त्याच पाण्याने धुतो. दोन-अडीच तासांत संपेल एवढंच, साठ लिटर. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर पुडी फोडतच नाही.

दहा. वजन. शेडच्या चारही कोपऱ्यांतून पन्नास पक्षी, सरासरी चारशे चाळीस ग्रॅम. खर्चाचा मोठा वाटा खाद्याचा. आतडं नीट राहून दर किलो वजनामागे शंभर ग्रॅम खाद्य वाचलं तरी बॅच सावरते.

अकरा ते पाच उन्हामुळे खाद्य वर उचललेलं. पंखे, फॉगर, छतावर ओला पाला. उन्हाच्या ताणात आतड्याचं अस्तर कमजोर होतं, म्हणून पुडीचा कोर्स मी याच आठवड्यात धरतो.

पाच. खाद्य खाली आलं आणि सगळं शेड एकदम जागं झालं.

रात्री नऊ. एक पक्षी उचलून गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपली. भरलेली, मऊ. काका मोठ्या टाकीत ब्लीचिंग टाकत होते.

"भाऊ, लाल टाकीत काही नाही ना टाकायचं?"

"काहीच नाही, काका. झाकण तेवढं लावा."

उद्या कोर्सचा तिसरा दिवस.