कॉलेजात स्मार्ट बोर्ड आला, पण बंद पडला तर चालू कोण करणार?

कॉलेजच्या वर्गात स्मार्ट बोर्ड बसतो, नारळ फुटतो, फीत कापली जाते आणि संध्याकाळपर्यंत फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो. खाली अंगठे, अभिनंदन. चांगलंच आहे. लांजा, राजापूर, देवरुखच्या पोरांना शहरातल्यासारखा वर्ग मिळत असेल तर नको कोण म्हणेल? पण त्या फोटोत एक माणूस कधीच दिसत नाही. जूनमध्ये वीज कडाडली, राउटर जळला, बोर्डावर नुसतीच निळी स्क्रीन आली, की ती पुन्हा चालू करून देणारा माणूस.

आपल्याकडे नळपाणी योजनेचं असंच होतं. टाकी उभी राहते, पाइप पडतात, उद्घाटन होतं. मग पंप जळतो आणि कळतं की तो दुरुस्त करायला ना माणूस ठेवलाय ना पैसे. कॉलेजातल्या कॉम्प्युटरचं याहून फार वेगळं नाही. फरक एवढाच की पाणी आलं नाही तर विहीर तरी असते. विद्यापीठाची यंत्रणा बसली तर मुलाचं वर्ष अडकतं. हे आपल्या जिल्ह्याने एकदा बघितलेलं आहे.

२०१७ साली काय झालं होतं?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायच्या, असं या विद्यापीठाने ठरवलं. त्याआधी ही पद्धत इंजिनिअरिंगच्या पेपरांसाठी वापरली जात होती. आता एकदम सगळ्या शाखांना लावली. उत्तरपत्रिका होत्या १७ लाखांहून जास्त, परीक्षा ४७७.

पद्धत तशी वाईट नाही, उलट चांगली आहे. पूर्वी पेपरांचे गठ्ठे गाडीत घालून तपासणी केंद्रावर न्यावे लागायचे. नव्या पद्धतीत प्रत्येक उत्तरपत्रिकेला बारकोड असतो. पानं स्कॅन होतात, सर्व्हरवर चढतात. शिक्षक आपल्या नावाने लॉगिन करतो, पडद्यावर पान वाचतो आणि प्रश्नाप्रश्नाला मार्क भरतो. पेपर कोणाचा ते त्याला दिसत नाही. बेरीज कॉम्प्युटर करतो, त्यामुळे बेरजेत मार्क कमी पडण्याचा प्रकार संपतो. आतलं एखादं उत्तर तपासायचंच राहून गेलं तर तेही सॉफ्टवेअर दाखवू शकतं. लांज्याचा पेपर रत्नागिरीत बसलेले सर तपासू शकतात, मुंबईला जायची गरज नाही.

मग बिघडलं कुठे? घाईत. तपासणीसाठी कंपनी नेमली गेली तेव्हा परीक्षा सुरूही झाल्या होत्या. मे महिन्यात स्कॅनिंग आणि तपासणी एकदमच सुरू झाली. ज्यांनी आयुष्यभर लाल पेनाने पेपर तपासले, त्या शिक्षकांना पडद्यावरची सवय करायला वेळच मिळाला नाही. लॉगिन होईना, पानं उघडेनात. मुख्य उत्तरपत्रिका एकीकडे आणि पुरवणी दुसरीकडे, असेही प्रकार झाले. पुढे तर विद्यापीठाने पुरवणी देणंच बंद करायचं ठरवलं आणि ते प्रकरण हायकोर्टात गेलं. पुरवणीच्या दोऱ्यावरून हायकोर्ट गाठायची वेळ येईल, असं कोणाला वाटलं असतं?

तेव्हाचे राज्यपाल म्हणजे विद्यापीठाचे कुलपती सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैपर्यंत सगळे निकाल लावा असं सांगितलं. २४ जुलैपासून चार दिवस कॉलेजातली शिकवणी थांबवून शिक्षकांना तपासणीला बसवलं. इतर विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचीही मदत घेतली. तरी मुदत हुकली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून काढण्यात आलं.

कुलगुरू गेले, बातमी झाली. पण ज्या पोराला दुसऱ्या विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घ्यायचा होता आणि हातात मार्कलिस्ट नव्हती, त्याचं काय? नोकरीच्या अर्जात 'निकाल प्रलंबित' लिहून भागत नाही. तिथली तारीख कोणासाठी थांबत नाही.

कायदा काय म्हणतो तेही ध्यानात ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर उशीर का झाला याचा अहवाल विद्यापीठाला कुलपतींकडे द्यावा लागतो. 'सिस्टीम स्लो आहे' हे उत्तर कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

मशीन एकदाच घेतात, सांभाळावं रोज लागतं

वस्तू घ्यायला अनुदान मिळतं, आमदार-खासदार निधी मिळतो, माजी विद्यार्थीही मदत करतात. कारण वस्तूवर नाव लिहिता येतं. बॅटरी बदलायला, नेटचं बिल भरायला किंवा टेक्निशियनच्या पगाराला देणगी देणारा सापडणं अवघड. यूपीएसची बॅटरी साधारण तीन-चार वर्षांत उतरते. आपल्याकडची दमट हवा आणि विजांचा कडकडाट धरला तर आधीच. अर्थिंग नीट नसेल तर एका पावसाळ्यात लॅबमधली अर्धी मशीनं जाऊ शकतात.

त्यात आता एक नवी गोष्ट आली आहे, तिच्याकडे तालुक्याच्या कॉलेजात फारसं कोणी बघत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर जी विंडोज १० असते, तिला कंपनीकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट नेहमीच्या पद्धतीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. मशीन बंद पडत नाही, चालतं. पण नवा व्हायरस आला तर दाराला कडी नाही अशी अवस्था. आणि विंडोज ११ जुन्या मशीनवर बसतेच असं नाही, तिला नवीन प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. याच मशीनवर पोरांचे आधार नंबर, फोटो, मार्क असतात, हे विसरू नका.

म्हणून सगळी मशीनं भंगारात काढायची का? अजिबात नाही. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स फुकटात बसतं आणि बरं चालतं. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाचं लिनक्स बनवलंय, त्यात मराठीचीही सोय आहे. पत्र लिहायला, हिशेब मांडायला, प्रोग्रॅमिंग शिकायला ते पुरतं. फक्त ते बसवून देणारा आणि शिक्षकांना दोन दिवस शिकवणारा माणूस हवा. पुन्हा गाडी माणसावरच येते.

आणि तो माणूस बऱ्याच कॉलेजात नसतो. आयटीचे सर वर्ग सोडून प्रिंटर दुरुस्त करत बसतात, नाहीतर ऑफिसातला एखादा क्लार्क 'कॉम्प्युटरवाला' म्हणून सगळं ओढतो. माझ्या मते दहा नवीन बोर्ड घेण्यापेक्षा पाच घ्यावेत आणि उरलेल्या पैशात एक टेक्निशियन तीन वर्षांसाठी ठेवावा. दुरुस्तीचा वार्षिक करार, ज्याला एएमसी म्हणतात, तोही खरेदीच्या दिवशीच करून घ्यावा. किती तासांत माणूस येणार, पार्ट कोणाच्या पैशाने बदलणार, हे लेखी पाहिजे. रत्नागिरी शहरात लगेच येणारा टेक्निशियन आतल्या गावात चार दिवसांनी उगवतो, म्हणून गावाचं अंतर धरून करार करावा.

हे विचारायचं कुठे?

'आम्ही गावची माणसं, कॉलेजात काय बोलणार' असं समजू नका. याच २०१६ च्या कायद्याने प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असायलाच हवी असं सांगितलंय. तिच्यात प्राचार्य, संस्थेचे आणि शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. शिवाय स्थानिक सदस्यही असतात, त्यात निदान एक माजी विद्यार्थी. शिकवण्यात माहिती तंत्रज्ञान वाढवण्यासाठी संस्थेला शिफारस करणं हे या समितीचं कामच आहे आणि बजेटही तिच्यासमोर येतं. तुमच्या गावातला कोणी त्यात असेल तर त्याला सरळ विचारा: दुरुस्तीसाठी यंदा किती पैसे ठेवलेत? लॅब आठवड्यातून किती तास पोरांसाठी उघडी असते?

दुसरा मार्ग मोबाईलवरच आहे. नॅकचं मूल्यांकन झालेल्या कॉलेजला दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल वेबसाइटवर ठेवावा लागतो. त्यात 'पायाभूत सुविधा' या भागात कॉम्प्युटर किती, किती मुलांमागे एक, नेटचा वेग किती, हे लिहिलेलं असतं. ते बघा आणि मग घरी मुलीला विचारा की लॅबमध्ये चालू मशीनं किती आहेत. दोन्ही आकडे जुळले तर आनंदच.

पोरांनी स्वतः करायच्या गोष्टी

परीक्षेचा फॉर्म भरताना आता बऱ्याच ठिकाणी एबीसी आयडी मागतात. एबीसी म्हणजे मुलाने मिळवलेल्या क्रेडिटचं बँक खातं. २०२१ पासून ही सोय सुरू झाली. इथे सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आधारवर 'संतोष', दहावीच्या मार्कलिस्टवर 'संतोष तुकाराम', कॉलेजात आडनाव आधी. कॉम्प्युटरला हे तीन वेगळे इसम वाटतात. फॉर्मची शेवटची तारीख आली की सायबर कॅफेत रांग लागते आणि नाव काही तिथे दुरुस्त होत नाही. हे काम सुट्टीत, निवांत असताना करून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, तेही बघा. गावाकडे सिम बंद पडल्यामुळे ओटीपीच येत नाही, हे घरोघरी चाललंय.

डिजिलॉकरमध्ये बोर्डाने किंवा विद्यापीठाने स्वतः टाकलेली मार्कलिस्ट कायद्याने मूळ कागदाइतकीच चालते. आपण मोबाईलने फोटो काढून टाकलेली मात्र तशी धरत नाहीत. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो.

निकाल पटला नाही तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतोच. त्याआधी उत्तरपत्रिकेची प्रत मागून घ्या. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा विद्यार्थ्याचा माहिती अधिकारातला हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तोही खर्च नाही. प्रत हातात आल्यावर आधी पानं मोजा. लिहिलेली सगळी पानं, पुरवणीसकट, आली आहेत का ते बघा आणि मगच मार्कांकडे वळा. मात्र उत्तरपत्रिका विद्यापीठ ठराविक मुदतीपुरत्याच जपून ठेवतं, त्यामुळे निकाल लागल्यावर पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका.