आकड्यातून विद्युद्दाब

श्रोत्यांच्या कानांवर पडणारे भाषण आज बहुधा संगणकात साठविलेले असते. तेथे नादही नसतो आणि श्वासही नसतो. असतात ते केवळ आकडे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या ध्वनीसाठी प्रत्येक वाहिनीमागे ४४,१०० आकडे नोंदलेले असतात. परंतु कर्ण्याचा पडदा आकड्यांनी हलत नाही. त्याला क्षणोक्षणी कमीजास्त होणारा विद्युद्दाब लागतो. आकड्याचे दाबात रूपांतर करणारे साधन मध्ये नसेल, तर उत्तमातले उत्तम भाषणही मुकेच राहील.

हेच रूपांतर करणारी एक लहानशी पेटी आता प्रयोगशाळांत व कारखान्यांत दिसू लागली आहे. तिची एक बाजू यू.एस.बी.च्या तारेने संगणकाला जोडावयाची आणि दुसऱ्या बाजूच्या स्क्रूंतून हवा तेवढा दाब घ्यावयाचा, एवढाच तिचा व्यवहार. यू.एस.बी. जोडणीचे पहिले प्रमाण १९९६ साली प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी अशा कामासाठी बहुधा संगणक उघडून त्यात स्वतंत्र कार्ड बसवावे लागे. आता एका तारेने ते काम भागते. मात्र जोडणी सोपी झाली, म्हणून जबाबदारी हलकी झाली असे नव्हे.

या पेटीच्या अंतरंगाची कल्पना वाण्याच्या तराजूवरून येईल. त्याच्यापाशी १, २, ४, ८ अशी, प्रत्येक मागच्याच्या दुप्पट, बारा वजने आहेत असे समजा. शेवटचे वजन २,०४८ चे होईल, आणि ही वजने निवडून शून्यापासून ४,०९५ पर्यंतचे कोणतेही माप तोलता येईल. बारा बिटांच्या रूपांतरकात हेच घडते. आकड्यातील प्रत्येक बिट एकेक वजन आहे. ते टाकावयाचे की नाही, हे सूक्ष्म विद्युत्-खटके ठरवितात आणि त्या सर्वांची बेरीज दाबाच्या रूपाने बाहेर पडते.

कॅनडातील फिजेट्स या संस्थेची अशी एक पेटी उणे १० ते अधिक १० व्होल्टपर्यंतचा दाब चार वाटांनी देते. वीस व्होल्टांची ही कक्षा ४,०९६ भागांत विभागली, की एक पायरी सुमारे ५ मिलिव्होल्टांची होते. दोन पायऱ्यांमधला दाब मागूनही मिळत नाही. म्हणजे संगणकाने दिलेला दाब हा घाटाचा सलग चढ नव्हे. ती बारीक पायऱ्यांची शिडी होय. काम अधिक नाजूक असेल, तर सोळा बिटांचे साधन घ्यावे. तेथे पायऱ्या ६५,५३६ होतात.

आता मांडणीचा क्रम पाहू. प्रथम ड्रायव्हर, म्हणजे संगणक व पेटी यांमधली दुभाषी आज्ञावली, संगणकात घालावी. मग पेटी जोडून संगणकाने तिला ओळखले की नाही ते पाहावे. या वेळी स्क्रूंना काहीही जोडलेले नसावे. नंतर ०, ५ आणि १० व्होल्टांची आज्ञा देऊन प्रत्येक वेळी मल्टिमीटरने दाब मोजावा. पडद्यावर उमटलेला आकडा ही केवळ मागणी आहे. मीटर दाखवितो ती वस्तुस्थिती. दोहोंत ठराविक अंतर दिसले, तर ते टिपून ठेवावे व आज्ञावलीत तेवढी दुरुस्ती करावी. त्यानंतरच यंत्राची जोडणी करावी, आणि तीही दोन तारांनी : एक दाबाची, दुसरी ग्राउंडची. दाब हा नेहमी दोन बिंदूंमधला फरक असतो. ग्राउंडची तार विसरली, तर त्या दाबाला अर्थच उरत नाही.

नवशिक्यांची एक चूक येथे सांगितली पाहिजे. दहा व्होल्ट मिळतात, तेव्हा एखादी लहान मोटर थेट जोडावी असा मोह होतो. परंतु या पेटीची प्रत्येक वाट फार तर २० मिलिअँपियर प्रवाह देते. याचा अर्थ दहा व्होल्टांवर जोडलेल्या उपकरणाचा रोध ५०० ओहमहून कमी नसावा. मोटरची भूक याहून कितीतरी मोठी असते. ही पेटी हुकूम देणारी आहे, ओझे वाहणारी नव्हे. मोटरला शक्ती द्यावयाची ती स्वतंत्र ड्राइव्हने. पुष्कळ ड्राइव्हना शून्य व्होल्ट म्हणजे थांबा आणि दहा व्होल्ट म्हणजे पूर्ण वेग, ही भाषा समजते.

आणि खरा प्रश्न येथेच उभा राहतो. मोटर सात व्होल्टांच्या हुकुमावर फिरत आहे आणि अचानक संगणकातील आज्ञावली अडकली, असे समजा. पेटीला नवी आज्ञा मिळत नाही. पुष्कळ साधने अशा वेळी शेवटचाच दाब धरून ठेवतात. पडदा निश्चल, पण यंत्र मात्र वेगात. त्यात अडकलेला कपडा सोडविण्यासाठी एखाद्या कामगाराने हात पुढे केला, तर? उलट यू.एस.बी.ची तार निसटली किंवा संगणकाने वीज वाचविण्यासाठी तिचा पुरवठा तोडला, तर दाब एकाएकी नाहीसा होतो. आणि शून्य दाब हा प्रत्येक यंत्राच्या दृष्टीने सुरक्षितच असेल असे नाही.

म्हणून यंत्र कामाला लावण्यापूर्वी तीन परीक्षा मुद्दाम घ्याव्यात. चालू असताना आज्ञावली बंद करून पाहावी, तार उपसून पाहावी, आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहावा. प्रत्येक वेळी दाब कोठे जातो, याची नोंद करावी. संगणकाची झोपी जाण्याची सवय बंद करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र तत्काळ थांबविणारा लाल खटका संगणकाच्या मार्फत न ठेवता ड्राइव्ह व मोटर यांच्या सुरक्षा-मंडलात स्वतंत्रपणे बसवावा.

कागदावर चुकलेला आकडा खोडता येतो. या पेटीतून बाहेर पडलेला आकडा मात्र चाक फिरवितो, झडप उघडतो, भट्टी तापवितो. तो पाठविण्यापूर्वी मीटर लावून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे ज्याने दिली, त्याच्या यंत्राजवळ दुसऱ्याला निर्धास्तपणे उभे राहता येते.