संगणकांचं जाळं : एकाच पंगतीत विंडोज, मॅक आणि लिनक्स

गेल्या भागात प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता मिळाला. पण तेवढ्याने हिशेबनिसाच्या विंडोजवरची फाइल डिझाइनवाल्याच्या मॅकवर उघडत नाही. डिस्कवर फाइली मांडायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. विंडोज एनटीएफएस वापरतं, मॅक एपीएफएस, लिनक्स बहुतेकदा ईएक्सटी४. तरी नेटवर्कवर काम भागतं, कारण दुसऱ्याची डिस्क कोणी थेट वाचतच नाही. फाइल मागायची आणि ज्याची डिस्क त्यानेच ती वाचून द्यायची. मागण्याचे नियम दोघांना ठाऊक हवेत, एवढंच. या नियमांना एसएमबी म्हणतात. त्यांची पहिली आखणी १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी केली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली.

शेअर केलेल्या फोल्डरवर क्लिक केलंत की तुमचं यंत्र सर्व्हरच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर जातं आणि आपल्याला एसएमबीच्या कोणत्या आवृत्त्या येतात ते सांगतं. त्यातली एक सर्व्हर निवडतो. मग नाव-पासवर्ड, मग फोल्डर, मग फाइल. ‘माझं होईपर्यंत दुसऱ्याला यात लिहू देऊ नकोस’ असंही फाइल उघडतानाच बजावता येतं. पलीकडच्या टेबलावर उघडी असलेली एक्सेलची फाइल आपल्याला फक्त वाचायला मिळते, ती म्हणूनच.

हे नियम युनिक्स-लिनक्सपर्यंत पोचले ते एका विद्यार्थ्यामुळे. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना १९९१च्या अखेरीस युनिक्स यंत्राची डिस्क डॉसच्या पीसीवर हवी होती. हाताशी नियमांची कागदपत्रं नव्हती. मग त्यांनी तारेवरून जाणारा मजकूरच टिपायला सुरुवात केली. कोणत्या मागणीला काय उत्तर येतं ते पाहत तसंच उत्तर देणारा प्रोग्राम त्यांनी लिहिला आणि १९९२च्या सुरुवातीला तो सर्वांना खुला करून टाकला. तोच आजचा सांबा. नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या घरोघरच्या नॅस-पेट्यांमध्ये बहुधा तोच चालतो.

कागदपत्रं मात्र पुढेही सहजी मिळाली नाहीत. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ही माहिती खुली करायला सांगितलं, न्यायालयाने २००७ मध्ये तो आदेश कायम ठेवला, आणि त्याच डिसेंबरात १०,००० युरो भरून ती सांबाच्या मंडळींच्या हाती आली. माझ्या मते संगणकांच्या इतिहासातला हा फार मोलाचा निकाल आहे.

आपल्याला छळणारी एक अडचण फाइलींच्या मराठी नावांची. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक सबंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असा जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लिनक्स मात्र सहसा नावातले बाइटच ताडून पाहतं, त्यामुळे एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसू शकतात. सामाईक फोल्डरात नावं रोमन लिपीत, लहान अक्षरांत ठेवलेली बरी. प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविराम चिन्ह तर विंडोजला नावात चालतच नाही.

प्रिंटरचं गणित आता सोपं झालं आहे. पूर्वी प्रत्येक यंत्रावर त्या-त्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकावा लागे. आता लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे छपाईचं काम कप्स नावाचं सॉफ्टवेअर पाहतं. ते आयपीपी या सामाईक नियमांनी प्रिंटरशी बोलतं, आणि नवे प्रिंटर कागदाचा आकार, रंग, दुहेरी छपाई अशी आपली कुवत स्वतःच सांगतात. नवा प्रिंटर घेताना त्याला आयपीपी किंवा एअरप्रिंट येतं का, एवढं पाहा.

शेवटी एक कळकळीचं सांगणं. एसएमबीची पहिली आवृत्ती तुमच्या कार्यालयात चालू असेल तर ती बंद करा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच फटीतून जगभर पसरला. जूनमधल्या नोटपेट्यानेही तीच फट वापरली आणि जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. जुना स्कॅनर त्या आवृत्तीवाचून चालत नसेल, तर स्कॅनर बदला. आणि ४४५ पोर्ट इंटरनेटच्या बाजूने कधीही उघडं ठेवू नका.