कुत्र्याचं नाक, कॅमेऱ्याचा डोळा

‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’वर नवा चित्रपट येणार म्हटलं, की शेरलॉक होम्सचे चाहते आधी विचारतात, कुत्रा कसा दाखवणार? मला मात्र चिंता असते ती बुटाची. हॉटेलातून चोरीला जाणारा तो एक बूट दिग्दर्शकाने नीट सांभाळला, तर पुढचा सगळा चित्रपट सांभाळला जातो, असं माझं ठाम मत आहे. असं का, ते सांगतो. कादंबरी अजून न वाचलेल्यांसाठी गुन्हेगाराचं नाव मात्र शेवटपर्यंत घेणार नाही.

आर्थर कॉनन डॉयल यांची ही कादंबरी लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात क्रमशः आली. होम्सला त्यांनी १८९३मध्येच कथेत मारून टाकलं होतं. त्यामुळे ही त्याच्या मृत्यूआधीची हकिगत म्हणून सांगितली गेली. बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन या पत्रकार मित्राने सांगितलेल्या दंतकथेवरून डॉयलना विषय सुचला आणि दोघांनी डेव्हन परगण्यातलं डार्टमूरचं माळरान पायांखाली घातलं. तिथल्या दलदली, धुकं, कातळाच्या टेकड्या आणि आदिमानवाच्या दगडी झोपड्या जशाच्या तशा कादंबरीत उतरल्या.

कथा थोडक्यात अशी. बास्करव्हिल घराण्याच्या मागे एक नरकातला कुत्रा लागला आहे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची आख्यायिका. सर चार्ल्स वाड्याबाहेरच्या झाडांच्या रांगेत मरून पडतात. अंगावर जखम नाही, पण थोड्या अंतरावर एका प्रचंड कुत्र्याच्या पावलांचे ठसे. कॅनडाहून वारस येतो, तरुण सर हेन्री. आता पाळी त्याची.

एक नवा बूट, एक जुना बूट

लंडनमध्ये उतरल्या उतरल्या सर हेन्रीचा एक बूट हॉटेलातून नाहीसा होतो. तपकिरी, कोरा, एकदाही न घातलेला. एकच बूट चोरून कुणाला काय मिळणार? सगळे ती गोष्ट हसण्यावारी नेतात. पुढे तो बूट खोलीतच सापडतो आणि त्याच सुमारास दुसरा एक बूट जातो. हा काळा, जुना, वापरून झिजलेला.

रहस्याचा अर्धा उलगडा इथेच, लंडनच्या एका हॉटेलच्या खोलीत, वाचकाच्या हातात ठेवलेला आहे. कोऱ्या बुटाला माणसाचा वास नसतो. चोराला हवा होता वास आणि वासाची गरज भुताला नसते, जिवंत कुत्र्याला असते. दंतकथा किती का भयंकर असेना, माळरानावर हाडामांसाचं जनावर आहे, हे त्या बुटाने सांगून टाकलं. वाचकाशी असा चोख, प्रामाणिक खेळ रहस्यकथेत क्वचितच दिसतो.

अडचण पडद्याची आहे. वास पडद्यावर येत नाही आणि ही कादंबरी तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वासावर उभी आहे. सर हेन्रीला हॉटेलात एक निनावी इशारा येतो, वर्तमानपत्रातले छापील शब्द कापून चिकटवलेला. होम्स तो कागद डोळ्यांजवळ नेतो, तेव्हा त्याला जाईच्या अत्तराचा पुसटसा गंध येतो आणि या प्रकरणात एक स्त्री आहे हे कळतं. पण ही गोष्ट तो वॉटसनला आणि आपल्याला शेवटच्या प्रकरणात सांगतो. हा प्रसंग नव्या चित्रपटात पाहायची मला फार उत्सुकता आहे. चांगल्या नटाला एक खोल श्वास आणि क्षणभराची थबक एवढं पुरे. संवाद नको.

कपड्यांचा घोळ

मला सर्वांत आवडतो तो चुकीच्या प्रेताचा प्रसंग. माळरानावर किंकाळी उठते, होम्स आणि वॉटसन अंधारात धावत सुटतात. कड्याखाली एक देह पडलेला. कपडे ओळखीचे, सर हेन्रीचे. होम्ससारखा माणूस स्वतःला दोष देत कोसळतो. मग तो देह पालथा असल्याचं लक्षात घेऊन वाकतो आणि दुसऱ्याच क्षणी हसत, नाचत वॉटसनचे हात हलवू लागतो. प्रेताला दाढी आहे! तो सर हेन्री नव्हे, तुरुंगातून पळालेला सेल्डन आहे. सर हेन्रीने जुने कपडे नोकराला दिले आणि नोकराने ते आपल्या बायकोच्या या फरारी भावाला. कुत्र्याने चूक केली नाही. त्याला ज्या वासामागे सोडलं होतं, त्याच वासामागे तो गेला.

दुःखाच्या तळातून उन्मादापर्यंत दहा सेकंदांत जाणारा होम्स उभा करणं ही नटाची खरी कसोटी. पण प्रेक्षकाला बूट आठवत नसेल, तर हा प्रसंग निव्वळ योगायोग ठरतो. म्हणून बुटाची चिंता.

आतापर्यंत काय झालं

१९३९च्या हॉलिवूडच्या चित्रपटाने बॅसिल रॅथबोन यांचा होम्स घराघरात पोहोचवला. त्यातलं माळरान स्टुडिओत उभारलेलं होतं, तरी धुकं आजही अंगावर येतं. १९५९मध्ये हॅमर कंपनीने होम्सला प्रथमच रंगीत पडद्यावर आणलं. पीटर कुशिंग होम्स झाले आणि ख्रिस्तोफर ली सर हेन्री. त्यात सर हेन्रीच्या बुटातून विषारी कोळी बाहेर येतो. तो प्रसंग दचकवतो खरा, पण भीती कोळ्याची उरते आणि वासाचा धागा तिथे मागे पडतो. १९८१च्या सोव्हिएत रूपांतरात वासिली लिवानोव्ह आणि विताली सोलोमिन यांची होम्स-वॉटसन जोडी आहे. मैत्रीची ऊब त्यांच्याइतकी कुणाला साधलेली नाही. २०१२च्या बीबीसी मालिकेत मार्क गॅटिस यांनी धुक्यात भ्रम निर्माण करणारं रसायन मिसळलं. तिथे वास घेणारा कुत्रा नसून माणूसच श्वासातून भीती आत घेतो. मूळ कथेच्या मर्मावर बोट ठेवणारा हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या अनेक प्रेक्षकांना ही कथा वेगळ्याच नावाने भेटली. अजय कर यांचा १९५१चा बंगाली ‘जिघांसा’ याच कादंबरीवरून घेतलेला आणि त्याच कथेवरून बीरेन नाग यांनी १९६२मध्ये हिंदी ‘बीस साल बाद’ केला. तिथे भीती कानांवाटे येते. हेमंतकुमारांच्या संगीतातली, लता मंगेशकरांनी गायलेली अंधारातली हाक ऐकून वारस घराबाहेर ओढला जातो. वास दाखवता येत नाही तिथे सुराने काम भागवणं ही या मातीतली युक्ती आणि ती अस्सल आहे.

कॅमेऱ्याचा हक्काचा क्षण

एक प्रसंग मात्र जणू कॅमेऱ्यासाठीच लिहिलेला आहे. वाड्यातल्या पूर्वजांच्या तसबिरींपुढे होम्स मेणबत्ती धरून उभा राहतो. ह्यूगो या दुष्ट पूर्वजाच्या चित्रातली रुंद टोपी आणि लांब कुरळे केस तो हाताने झाकतो आणि उरलेल्या चेहऱ्यातून आजचा गुन्हेगार बाहेर डोकावतो. इथे संवादाची गरजच नाही. दिग्दर्शकाने तो चेहरा प्रेक्षकाला होम्सच्या क्षणभर आधी ओळखू द्यावा, एवढीच इच्छा.

मग येतो शेवटचा पाठलाग. सरकत येणारं धुकं, त्यातून झेपावणारं पेटत्या जबड्याचं जनावर आणि होम्सच्या गोळ्या. मेलेल्या कुत्र्याच्या तोंडाला हात लावून वॉटसन फॉस्फरस ओळखतो आणि त्याला वास नाही, हे होम्स आवर्जून नोंदवतो, कारण वास असता तर कुत्र्याचं नाक बिघडलं असतं. खरा पांढरा फॉस्फरस उग्र वासाचा, विषारी आणि हवेत पेट घेणारा असतो. म्हणजे हा लेप डॉयलच्या कल्पनेतला. पण तर्काची ही काळजी पाहा! झटापटीच्या धामधुमीतही लेखक बुटाला विसरलेला नाही. पुढे दलदलीत सापडतो तोही तोच काळा बूट, आत टोरांटोच्या चांभाराचं नाव असलेला.

डॉयल १९३० साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं, म्हणजे हे पुस्तक इथे कधीच खुलं झालं आहे. कुणाचीही परवानगी न मागता मराठीतही ते पडद्यावर आणता येईल. सह्याद्रीच्या धुक्यात ही कथा शोभेलही. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या आणि कित्येक घरांत तो त्यांच्यामुळेच ओळखीचा झाला. तेव्हा नवा चित्रपट येण्याआधी कादंबरी एकदा हातात घ्या आणि वाचताना प्रत्येक वासाशी थांबा. मग चित्रपटगृहात बूट हरवेल तेव्हा शेजारचा हसेल, पण तुम्ही सावध व्हाल.