वाटाड्या कोणाचा?

परमुलखांत जाणाऱ्या प्रवाशास पहिली गरज वाटाड्याची. रस्ता कोठें फुटतो, नदीस उतार कोठें आहे, मुक्कामास पाणी मिळेल कीं नाहीं, हें त्यालाच ठाऊक. यात्रेकरूस जें हवें, नेमकें तेंच चालून येणाऱ्या सैन्यासही हवें असतें.

याचें उदाहरण आपल्या मराठी मुलखांतच आहे. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर जनरल वेलस्ली उभा राहिला. मध्यें केळणा नदी होती. जवळपास उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं सांगितलें. परंतु दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें पाहून, तेथें येजा असलीच पाहिजे, असें त्यानें ताडलें. उतार सांपडला व लढाई त्यानें जिंकली. त्याच वर्षीं वऱ्हाडांत अडगांवची लढाई झाली व गाविलगड पडला.

पुढें वाटाड्याची जागा पुस्तकानें घेतली. जर्मनींत कार्ल बेडेकर यानें १८२७ सालीं स्थापिलेल्या प्रकाशनसंस्थेचीं प्रवासपुस्तकें जगभर गाजलीं. त्यांत नकाशे, अंतरें व मुक्कामाच्या जागा दिलेल्या असत. विशेष प्रेक्षणीय स्थळापुढें तारकेची खूण असे. मार्च १९४२ मध्यें इंग्रजी विमानांनीं ल्यूबेक हें प्राचीन शहर जाळलें. सूड म्हणून जर्मन विमानांनीं एक्झेटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क व कँटरबरी या ऐतिहासिक शहरांवर बाँब टाकले. बेडेकरनें तारका दिलेल्या इमारती पाडूं, असें एका जर्मन अधिकाऱ्यानें बोलून दाखविलें होतें. म्हणून हे ‘बेडेकर हल्ले’ या नांवानें ओळखले जातात.

त्याच वर्षीं इंग्लंडांत नभोवाणीवरून युरोपच्या किनाऱ्यावरील सहलींचीं छायाचित्रें लोकांकडून मागविण्यांत आलीं. लक्षावधि आलीं. वाळूंत खेळणाऱ्या मुलांच्या मागें दिसणारा किनारा, धक्का व भिंत हीं लष्करी अधिकाऱ्यांनीं बारकाईनें पाहिलीं. १९४४ सालीं नॉर्मंडीस सैन्य उतरवितांना त्यांचा उपयोग झाला. आणि डिसेंबर १९४३ मध्यें लाइपझिगवर पडलेल्या बाँबांनीं बेडेकरांचें कार्यालयही भस्मसात झालें होतें!

मग विद्यार्थ्यांनो, प्रवासवर्णनें लिहूंच नयेत काय? असईचा उतार कोणत्या पुस्तकानें सांगितला नाहीं. तो दोन गांवांनीं सांगितला. तेव्हां लपवून भागत नाहीं. वर्धा व पैनगंगा यांच्यामधील आपल्या जिल्ह्याची वाट, विहीर व नदीचा उतार सहलीच्या वहींत अवश्य टिपावा. तहानलेल्या पांथस्थास त्याचा उपयोग होईल. तारका काढणाऱ्यानें पाहुण्यास बोलाविलें होतें. तिच्यावर नेम धरणारा मनुष्य निराळा होता, हा भेद मात्र विसरूं नये.