लुचानो फादिगा : ऐकण्यात जिभेचा वाटा

लुचानो फादिगा या इटालियन चेताशास्त्रज्ञाचे बरेचसे काम एका प्रश्नाभोवती फिरते. दुसऱ्याचे बोलणे कळायला कान आणि मेंदूतले श्रवणकेंद्र एवढे पुरते, की स्वतः बोलताना ओठ-जीभ हलवणारा मेंदूचा भागही त्या वेळी कामाला लागतो? प्रश्न जुनाच होता. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत ॲल्व्हिन लिबरमन यांनी ध्वनिलेख तपासले, तेव्हा एक विचित्र गोष्ट समोर आली. ‘दी’मधला आणि ‘दू’मधला ‘द’ कानाला एकच वाटतो. ध्वनिलेखात मात्र त्याची एक महत्त्वाची रेषा ‘दी’त चढते आणि ‘दू’त उतरते. दोन्हीकडे समान असते ती जिभेची हालचाल. म्हणून ऐकणारा आवाजामागची हालचालच ओळखत असावा, असे लिबरमन यांनी मांडले. कल्पना देखणी होती, पण ती थेट मेंदूत तपासण्याचे साधन तेव्हा हाताशी नव्हते.

ते साधन फादिगांच्या हाती पार्मा विद्यापीठात आले. तिथे ज्याकोमो रित्सोलाती यांचा गट मकाक माकडांच्या मेंदूतल्या ‘एफ ५’ या भागातील चेतापेशींची नोंद घेत होता. माकडाने वस्तू उचलली की तिथल्या काही पेशी उद्दीपित होत. संशोधकाने तशीच वस्तू उचलताना माकडाने नुसते पाहिले, तरी त्यातल्या काही पेशी उद्दीपित होत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, या निरीक्षणावरील शोधनिबंधाच्या लेखकांत फादिगा होते. या पेशींना पुढे ‘आरसा पेशी’ म्हटले जाऊ लागले आणि त्यांच्याविषयी वाजवीपेक्षा फार मोठे दावे झाले. फादिगांचे वेगळेपण असे की ते मोजमापाच्या वाटेने गेले.

माणसाच्या मेंदूत अशा कामासाठी इलेक्ट्रोड खुपसता येत नाहीत. त्यामुळे १९९५ साली फादिगा आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय उद्दीपनाचा आधार घेतला. डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून क्षणभर चुंबकीय लहर सोडली, की त्याखालचा मेंदूचा भाग चेतवला जातो आणि संबंधित स्नायू किंचित आकसतो. त्या आकुंचनाची विद्युत नोंद घेता येते. समोरचा माणूस वस्तू पकडताना दिसत असेल, तर पाहणाऱ्याच्या हाताच्या स्नायूंतली ही नोंद वाढते, असे आढळले. हात स्थिर असतो, पण त्याला हलवणारी यंत्रणा आतून सज्ज झालेली असते.

हेच तंत्र २००२ साली बोलण्याकडे वळवले गेले, आणि हा प्रयोग फादिगांच्या कामात सर्वांत चोख म्हणावा लागेल. तोवर ते फेरारा विद्यापीठात आले होते. इटालियनमध्ये ‘बिर्रा’, ‘तेर्रा’ अशा शब्दांतला जोड ‘र’ उच्चारताना जिभेचे टोक जोराने थरथरते. ‘बाफ्फो’सारख्या शब्दांतल्या ‘फ’ला जिभेचे फारसे काम नसते. सहभागींना काहीही बोलायचे नव्हते, फक्त ऐकायचे होते. ‘र’चे शब्द कानी पडताना जिभेच्या स्नायूंतली नोंद ‘फ’च्या शब्दांपेक्षा ठळकपणे वाढली. शब्द अर्थपूर्ण असला तर वाढ अधिक होती.

फेराऱ्यातल्या वर्षांत कामाचा पसारा वाढला. ‘आयकब’ हा बालरूपी यंत्रमानव घडवणाऱ्या युरोपीय प्रकल्पात फादिगांचा सहभाग होता. वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक आणि संचालक यांच्या हालचाली टिपून कोण कोणाला हलवतो, याचाही अभ्यास झाला.

तरी एक प्रश्न राहिलाच होता. जीभ सज्ज होते खरी, पण ती ऐकण्याला मदत करते, की तो नुसता आनुषंगिक परिणाम असतो? २००९ साली आलेस्सांद्रो दाउसिलिओ, फादिगा आणि सहकाऱ्यांनी त्याला हात घातला. गोंगाटात मिसळलेले ‘ब’, ‘प’ हे ओष्ठ्य आणि ‘द’, ‘त’ हे दंत्य ध्वनी सहभागींना ओळखायचे होते. त्याआधी मेंदूतले ओठांचे किंवा जिभेचे केंद्र चेतवले जाई. ओठांचे केंद्र चेतवले की ओष्ठ्य ध्वनी लवकर ओळखले जात, जिभेचे चेतवले की दंत्य.

ग्रेगरी हिकॉक यांच्यासारख्या टीकाकारांचा आक्षेप वजनदार होता. मेंदूच्या ब्रोका भागाला इजा होऊन बोलणे खुंटलेल्या रुग्णांनाही सुटे शब्द पुष्कळदा नीट समजतात. न बोलणारी तान्ही मुले ‘ब’ आणि ‘प’ वेगळे ओळखतात. म्हणजे हालचालीच्या यंत्रणेवाचून ऐकणे अडत नाही. याचे उत्तर फादिगांच्याच गटाच्या २०१२ सालच्या प्रयोगात सापडते. आवाज स्वच्छ ठेवला, गोंगाट काढला, तेव्हा चेतवण्याचा तो परिणाम दिसला नाही. लिबरमन यांचा सिद्धान्त मूळ रूपात यावर टिकत नाही. त्यातला टिकणारा भाग असा की आवाज अस्पष्ट झाला, तर ऐकणाऱ्याचे ओठ आणि जीभ चालवणारा मेंदू कानाच्या मदतीला येतो.