पवनचक्क्यांचा भूदृश्यावरील परिणाम : मूल्यमापनाची पद्धत व माळव्याचा संदर्भ

प्रस्तावना :

उर्दूमध्ये देखाव्याला 'मंज़र' म्हणतात. हा शब्द आणि 'नज़र' हे दोन्ही एकाच अरबी धातूपासून आले आहेत. मराठीतील 'दृश्य' हा शब्दही 'पाहणे' या अर्थाच्या 'दृश्' धातूपासून बनला आहे. पाहणारा असल्याखेरीज देखावा पूर्ण होत नाही, हे दोन्ही भाषांनी जणू गृहीतच धरले आहे. पवनचक्क्यांमुळे परिसराच्या रूपात होणाऱ्या बदलाचे मूल्यमापन करणारे शास्त्रही हाच भेद पाळते. ब्रिटनमध्ये या विषयावर प्रमाण मानल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेत (तिसरी आवृत्ती, २०१३) भूदृश्यावरील परिणाम आणि दृश्यपरिणाम वेगवेगळे मोजले जातात. टेकडीचे वा पठाराचे मूळ स्वरूप किती बदलले, हा पहिला प्रश्न होय. तो बदल कोणाला, कोठून आणि किती वेळ दिसतो, हा दुसरा.

भारतात २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या सूचीत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश करण्यात आलेला नाही. त्यामुळे या अधिसूचनेखाली होणारी जनसुनावणी अशा प्रकल्पांना लागू होत नाही, आणि गावाच्या क्षितिजावर काय उभे राहणार आहे हे गावकऱ्यांना आधी दाखवण्याची पायरीच गळून पडते. म्हणूनच ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षकांना माहीत असणे उपयुक्त आहे. तिचा बराचसा भाग पट्टी आणि नकाशा यांच्या साहाय्याने करता येतो.

सपाट प्रदेशातील टेकडीचे मोल :

माळवा हा प्रामुख्याने सपाट प्रदेश. अशा प्रदेशात लहान टेकडीही मोठी खूण ठरते. उज्जैनच्या फ्रीगंज भागापासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या देवासची ओळख चामुंडामातेच्या टेकडीने बनली आहे. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा राजांकडे खाजगी सचिव होते. १९५३ मध्ये त्यांनी त्या आठवणी प्रसिद्ध केल्या तेव्हा पुस्तकाला नाव दिले 'द हिल ऑफ देवी'. या टेकडीची उंची आहे अवघी ३०० फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे ९० मीटर.

याच देवास जिल्ह्यात जामगोदरानीच्या टेकड्यांवर १९९० च्या दशकात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या काळी देशात सर्रास वापरल्या जाणाऱ्या २२५ किलोवॉटच्या यंत्राचे टोक पाते उभे असताना जमिनीपासून सुमारे ४५ मीटरवर जाई. आज उभारल्या जाणाऱ्या मोठ्या यंत्रांचे टोक २०० मीटरपर्यंत पोहोचते. फरक केवळ आकड्यांचा नाही. टेकडीची उंची डोळा स्वतंत्रपणे मोजत नाही. शेजारचे झाड, घर, देऊळ यांच्याशी तुलना करूनच तिचा अंदाज बांधतो. ९० मीटरच्या टेकडीवर ४५ मीटरची चक्की असली तरी टेकडी टेकडीच राहते. २०० मीटरची चक्की उभी केली तर तीच टेकडी चौथऱ्यासारखी भासू लागते. सह्याद्रीत जे यंत्र खपून जाईल ते माळव्यात क्षितिजाचा कब्जा घेईल, ते यामुळेच.

दिसणे कसे मोजावे?

मूल्यमापनाची पहिली पायरी म्हणजे दृश्यमानतेचा नकाशा. उंचसखलपणाच्या माहितीवरून संगणक हा नकाशा तयार करतो आणि कोणत्या ठिकाणाहून किती यंत्रे दिसू शकतील ते दाखवतो. पृथ्वीची वक्रता त्यात धरावी लागते. सपाट जमिनीलगतच्या नजरेसाठी १० किलोमीटरवर वस्तूचा खालचा सुमारे ८ मीटर भाग झाकला जातो, तर ३५ किलोमीटरवर सुमारे ९६ मीटर. याचा अर्थ, देवासजवळच्या सपाट जमिनीवरील २०० मीटर यंत्राचा वरचा अर्धा भाग भूमितीच्या हिशेबाने फ्रीगंजपर्यंत दिसू शकतो. प्रत्यक्षात झाडे, इमारती आणि धूळ तो बहुधा दिसू देणार नाहीत. नकाशा केवळ शक्यता सांगतो, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसरी पायरी कोनाची. डोळ्यापासून ५७ सेंटिमीटरवर पट्टी धरल्यास तिच्यावरील १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ १ अंश होतो. पौर्णिमेचा चंद्र या पट्टीवर अर्धा सेंटिमीटर भरतो. ५ किलोमीटरवरील जुनी ४५ मीटरची चक्कीही तेवढीच, चंद्राएवढी. त्याच अंतरावर २०० मीटरचे यंत्र सुमारे २.३ सेंटिमीटर भरेल, आणि १ किलोमीटरवर तब्बल ११ सेंटिमीटर. उज्जैनच्या वेधशाळेत दिगंश यंत्र पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे नवे वाटणार नाही. (दिगंशासाठी युरोपीय भाषांत रूढ झालेला 'ॲझिमथ' हा शब्द, उर्दूत दिशेसाठी वापरला जाणारा 'सम्त' हा शब्द ज्या अरबी मुळातून आला, त्यातूनच आला आहे.)

छायाचित्राच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा दृश्य बरेच रुंद टिपतो, त्यामुळे दूरची वस्तू प्रत्यक्षापेक्षा लहान भासते. स्कॉटलंडच्या निसर्गसंवर्धन संस्थेने या कामी ५० मिलिमीटर भिंगाचा आग्रह धरला तो याच कारणासाठी. मोबाइलवरील चित्रात चक्की त्या भिंगाच्या तुलनेत साधारण निम्मीच दिसते. प्रकल्पाच्या माहितीपत्रकातील चित्र कोणत्या भिंगाने घेतले, हे विचारण्याचा अधिकार वाचकाने सोडू नये.

कोण पाहतो?

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे ही पठारे याबाबतीत अभ्यासण्याजोगी आहेत. ठोसेघरचा धबधबा पाहून पर्यटक पुढे चाळकेवाडीला जातात, ते पवनचक्क्या पाहण्यासाठीच. त्यांच्या दृष्टीने यंत्र हेच प्रेक्षणीय स्थळ ठरते. तासाभराने ते परततात. पठारावर राहणाऱ्याला मात्र ते दृश्य रोजचे आहे. पात्यांची हलती सावली अंगणात येते का, हा प्रश्न त्याचा असतो. दोघांची मते एकाच टक्केवारीत मिसळणे हा मूल्यमापनातील मोठा दोष मानला पाहिजे. दृश्यपरिणाम म्हणजे सर्व परिणाम नव्हेत, हेही याच पठाराने दाखवले आहे : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी आणि सरडे अधिक आढळले.

जुनी यंत्रे काढून मोठी बसवण्याचे राष्ट्रीय धोरण २०१६ मध्ये आले आणि २०२३ मध्ये ते सुधारण्यात आले. मोठी यंत्रे संख्येने कमी लागतात आणि संथ फिरतात. जुनी लहान चक्की मिनिटाला ४० च्या वर फेरे घेत असे, त्या मानाने नवी शांत वाटते. परंतु ती दूरवरून दिसते आणि उंचीमुळे तिच्यावर विमानांसाठी तांबडे दिवे लावावे लागतात. काळोखात ज्या वस्तीला आजवर केवळ टेकडीची रेघ दिसत होती, तिला आता हे दिवे दिसतात. दिवसाच्या छायाचित्रांत त्यांची नोंद होत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या निरीक्षणाची एक फेरी सूर्यास्तानंतर, आणि तीही वस्तीतील लोकांच्या सोबतीने, ठेवावी लागते.